गोष्ट संपल्यावर काय विचारायचं?

आमच्या बालवाचनालयात पुस्तक बदलायला आलेले आईबाबा हमखास विचारतात, "आम्ही रोज वाचून दाखवतो हो, पण गोष्ट संपल्यावर काय विचारायचं? त्याला कळलीय की नाही, हे कसं समजणार?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

कळलीय की नाही हे तपासायला जाऊच नका. "वाघ काय म्हणाला? म्हातारी कुठे निघाली होती? यातून आपण काय शिकलो?" अशी सरबत्ती सुरू झाली की ही परीक्षा आहे, हे चार वर्षांच्या मुलालाही लगेच उमगतं. उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, हेही त्याला दिसत असतं. मग ते एका शब्दात उत्तर देऊन मोकळं होतं, नाहीतर उठून पळतं. आणि तात्पर्य सांगून टाकलं की बोलायला काही उरतच नाही.

भोपळ्यातल्या म्हातारीचीच गोष्ट घ्या. ती वाघाला सांगते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. परतताना भोपळ्यात बसून येते आणि वाघाने अडवलं की आतून म्हणते, म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक! इथे आमच्याकडच्या एका मुलीने मला थांबवलं. "पण म्हातारी खोटं बोलली."

मी म्हटलं, "हं, बोलली खरी." आणि गप्प बसले.

जरा वेळाने एक मुलगा म्हणाला, "वाघ खाणार होता ना तिला? मग चालतं." मुलगी ऐकेना. "तिने सांगितलं होतं, परत येते म्हणून." "अगं, आली की! भोपळ्यातून आली." यावर सगळेच विचारात पडले. कोपऱ्यातल्या एकाला वेगळीच काळजी लागली होती, "वाघ इतके दिवस उपाशीच बसला?" दिलेला शब्द, जिवाची भीती, दुसऱ्याची भूक, सगळं त्या पाच-सहा वर्षांच्या मुलांनी आपापल्या परीने चाचपून पाहिलं. मी तिथे "खोटं बोलू नये" म्हटलं असतं, तर यातलं काहीच निघालं नसतं.

त्या गप्प बसण्यात फार काही आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी विज्ञानाच्या वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात, हे मोजलं होतं. जेमतेम एक सेकंद! तेच तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारीही बोलू लागली. पूर्वी आजी गोष्ट सांगायची आणि ऐकणाऱ्या नातवाने हुंकार द्यायचा. मूल बोलायला लागलं की तो हुंकार आपण द्यायचा, एवढंच.

तुमचं मूल दोन-अडीच वर्षांचं असेल तर ते चर्चा करणार नाही. पण चित्रावर बोट ठेवून "काऊ ओला" म्हणेल. तेव्हा "हो, काऊ चिंब भिजला. थंडी वाजत असेल का त्याला?" असं त्याचंच वाक्य थोडं वाढवून परत द्या. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली याच वयाच्या मुलांच्या पालकांना महिनाभर अशा तऱ्हेने वाचायला लावलं. मोकळे प्रश्न विचारायचे, मुलाचं बोलणं पुढे न्यायचं. नुसतं वाचून दाखवणाऱ्या घरांतल्या मुलांपेक्षा ही मुलं बोलण्याच्या एका चाचणीत साडेआठ महिने पुढे निघाली. दोन्हीकडे वाचन साधारण सारखंच होतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

विचारायचंच असेल तर आपल्याला खरोखर पडलेला प्रश्न विचारा. "मला सांग, चिऊने दार लवकर का उघडलं नसेल?" मला अजूनही नीट ठाऊक नाही. "बाळाला तीट लावत होती," असं पुस्तकी उत्तर मिळेल, तर कुणी म्हणेल, "एका हाताने कडी काढता येते की." ते दुसरं उत्तर आलं की पुस्तक बाजूला ठेवा आणि त्याचंच ऐका.

तेच पुस्तक रोज मागितलं तरी द्या. गोष्ट पाठ झाली की पुढे काय होणार याची धाकधूक राहत नाही, आणि मुलं खरी शंका तेव्हाच काढतात. झोपेने डोळे मिटत असतील तेव्हा मात्र काहीही विचारू नका. आणि एखाद्या दिवशी मूल काहीच न बोलता "आता दुसरी वाच" म्हणालं, तर दुसरी वाचा.