डबल बी शिजेना: कॉलर्ड आणि बटर बीन्सचा माझा अनुभव

चार तास मंद आचेवर ठेवूनही बटर बीन्स, म्हणजे आपली वाळलेली डबल बी, दाताखाली खडूसारखी लागत होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पद्धतीने कॉलर्डचा, म्हणजे कोबीच्या कुळातल्या पण गड्डा न धरणाऱ्या भाजीचा, पाला आणि बीन्स करताना मी अडले ती इथेच. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण जी पाककृती उघडावी तिच्यात एवढंच: 'मऊ होईपर्यंत शिजवा.' मऊ झालंच नाही तर काय, हे कुणी लिहीत नाही.

दोष कॉलर्डच्या रसाचा होता. पाला शिजल्यावर भांड्यात जो रस उरतो त्याला तिकडे पॉट लिकर म्हणतात. चव उत्तम, म्हणून बीन्स त्यातच शिजायला घातल्या. पण त्या रसात आधीच 3 टेबलस्पून व्हिनेगर पडलेलं होतं. दाण्यातल्या पेशी पेक्टिनने एकमेकींना धरून असतात. ते विरघळलं की दाणा मऊ होतो, आणि आंबटात ते विरघळायलाच तयार नसतं. टोमॅटो घाला, चिंच घाला, तेच होणार. म्हणून आंबट काहीही असो, दाणा पूर्ण बोटचेपा झाल्यावरच.

दुसरं कारण पाणी. जड पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला आणखी घट्ट करतं. शंका असेल तर मूठभर दाणे फिल्टरच्या हलक्या पाण्यात वेगळे शिजवून बघा. तिसरं, जुना माल. उष्ण, दमट जागी महिनोन्महिने पडलेला दाणा भिजून फुगतो, पण शिजत नाही. सुरकुतलेले, तडकलेले दाणे पाकिटातून दिसत असतील तर ते पाकीट घेऊ नका.

'मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही' हे आपल्याकडे घरोघरी ऐकवतात. भिजवताना मात्र मीठ हवंच. 450 ग्रॅम डबल बीला 2 लिटर पाणी आणि दीड टेबलस्पून मीठ, रात्रभर. मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं, त्यामुळे साल लवकर मऊ पडतं आणि दाणे कमी फुटतात. सकाळी ते पाणी ओतून द्या, दाणे धुवा, दोन बोटं वर येईल इतकं ताजं पाणी घाला. पहिली 10 मिनिटं खळखळून उकळी, मग पाणी जेमतेम हलेल इतकीच आच. एवढं केल्यावर माल बरा असेल तर तास-दीड तासात काम होतं. चाखायचे ते एक नाही, पाच दाणे. सगळे सारखे शिजत नाहीत. अर्धकच्चे खाऊ नका, कच्च्या डबल बीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं.

तरीही अडलं तर पाव टीस्पून खाण्याचा सोडा. त्याहून जास्त नको, साबणासारखी चव येते. कुकर लावणार असाल तर अर्ध्याच्या वर भरू नका आणि चमचाभर तेल घाला; फेस येऊन शिट्टी तुंबते.

पाल्याचं सोपं आहे. अडीच लिटर पाण्यात एक स्मोक्ड हॅम हॉक (डुकराच्या पायाचा धुरावलेला तुकडा), कांदा, 4 लसूण पाकळ्या आणि अर्धा चमचा मिरचीचे तुकडे, तासभर. डुक्कर चालत नसेल तर स्मोक्ड टर्कीची तंगडी; तिकडेही अनेक घरांत आता तीच वापरतात. मग 900 ग्रॅम कॉलर्ड घालून 45 ते 60 मिनिटं. भांडं काठोकाठ भरलेलं दिसेल, घाबरू नका, दहा मिनिटांत पाला खाली बसतो. रंग शेवाळी होतो, तो तसाच हवा. मीठ शेवटी, कारण हॉकच खारट असतो.

हे आधी सांगायला हवं होतं: पाला वाहत्या नळाखाली धुऊ नका. मोठ्या टोपात पाण्यात बुडवून हलवा, पाला वरच्या वर उचला, तळाची वाळू ओतून द्या. तळ स्वच्छ दिसेपर्यंत तीन-चार वेळा. जाड देठ मधून ओढून काढा, पानं एकावर एक ठेवून गुंडाळा आणि बोटभर रुंद पट्ट्या कापा. देठ राहिले तर पानं गळून जातात तरी ते चिवटच.

कॉलर्डमध्ये के जीवनसत्त्व भरपूर असतं. घरात कुणी वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता दोन्ही एकत्र: शिजलेल्या बीन्सवर पाला आणि वाटीभर रस, दहा मिनिटं मंद आच, गॅस बंद केल्यावर एक टेबलस्पून व्हिनेगर. सोबत मक्याचा कॉर्नब्रेड. तो रसात बुडवायचा की कुस्करायचा यावर 1931 साली लुईझियाना राज्याचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटातल्या एका दैनिकाचे संपादक यांच्यात जाहीर वाद रंगला होता. मी कुसकरते, रस सगळा आत ओढला जातो.