रक्तदाबाच्या दोन चाचण्यांचे आकडे वाचताना

वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२०च्या खाली ठेवला तर हृदयविकाराचा धोका २५ टक्क्यांनी घटतो, असे वाचनात आले आणि वडिलांना रक्तदाब व मधुमेह दोन्ही असल्यामुळे मी मूळ शोधनिबंध मिळवला. 'स्प्रिंट' नावाच्या अमेरिकेतील चाचणीचा तो निबंध २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला आहे. संख्याशास्त्राचे शिक्षण नसल्याने मी सारांशापेक्षा तक्त्यांपासून सुरुवात केली, कारण तिथे टक्केवारीच्या शेजारी माणसांची संख्याही दिलेली असते.

१२०च्या गटातील ४,६७८ जणांपैकी २४३ जणांना, तर १४०च्या गटातील ४,६८३ पैकी ३१९ जणांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हृदयाची कार्यक्षमता घटणे किंवा हृदयविकाराने मृत्यू यांसारख्या घटनांना सामोरे जावे लागले. भागाकार केल्यावर ५.२ आणि ६.८ टक्के आले. म्हणजे २५ टक्के ही घट ६.८ची आहे, शंभराची नव्हे. सुमारे सव्वातीन वर्षांत शंभर माणसांमागे दीडएक माणूस वाचला. ही घट मुळीच क्षुल्लक नाही, पण बातमीत ती दोन्ही प्रकारे सांगायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे.

आलेखाने मला बराच वेळ थांबवले. मुख्य चौकटीत उभा अक्ष ० ते १ असल्याने दोन्ही रेषा तळाशी जवळजवळ चिकटलेल्या दिसतात; आतल्या लहान चौकटीत तोच अक्ष फक्त ०.१०पर्यंत असल्याने त्या स्पष्टपणे फाकतात. आकडे तेच, पट्टी वेगळी. आलेखाखालच्या ओळीत दर वर्षी निरीक्षणाखाली किती जण उरले तेही दिलेले असते, आणि चौथ्या वर्षी ते प्रत्येक गटात हजाराहून कमी असल्याने रेषांच्या उजव्या टोकावर फार विसंबता येत नाही.

दुष्परिणामांचा तक्ताही तितकाच महत्त्वाचा होता: मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचे प्रमाण १२०च्या गटात ४.१ टक्के, तर दुसऱ्या गटात २.५ टक्के होते.

मात्र आमच्यासाठी निर्णायक ठरली ती सहभागींच्या निकषांतील एक ओळ, कारण मधुमेह असलेल्यांना या चाचणीत घेतलेलेच नव्हते. मधुमेहींवरची 'ॲकॉर्ड' चाचणी २०१० सालची. तिच्यात ४,७३३ जण होते आणि रक्तदाबाची उद्दिष्टे हीच होती. तिथे धोक्याचे गुणोत्तर (१२०च्या गटातील धोका १४०च्या गटाच्या किती पट; १ म्हणजे फरक नाही) ०.८८ आले, पण त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पल्ल्यात असण्याची दाट शक्यता असते तो पल्ला, ०.७३ ते १.०६ अशी १च्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे. याचा अर्थ फायदा नाही असे सिद्ध झाले, असा होत नाही. जवळपास पाव हिस्सा घट आणि किंचित वाढ, दोन्ही शक्यता त्या आकड्यांत बसतात. पुढच्या तपासणीला मी दोन्ही निबंधांतले तक्ते छापून नेले आणि डॉक्टरांना आधी वडिलांच्या क्रिएटिनिनबद्दल, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीबद्दल, विचारले.