‘बरं वाटतंय, म्हणून गोळी सोडली’
आज आशाताईंसोबत वस्तीवर बीपी मोजत फिरले. एक आजोबा पट्टा बांधताना म्हणाले, “शुगर पण यातच कळते ना?” आणि जवळपास प्रत्येक घरात तेच: बरं वाटतंय, म्हणून गोळी सोडली. बीपीच्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, तरी!

बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंकेच्या खेड्यांत २,६४५ जणांवर कोब्रा-बीपीएस नावाचा अभ्यास झाला. निष्कर्ष २०२० मध्ये आले. आरोग्य कार्यकर्त्या दर तीन महिन्यांनी घरी जायच्या, बीपी मोजायच्या, समजवायच्या, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवायच्या. डॉक्टरांनाही प्रशिक्षण दिलं होतं. दोन वर्षांत वरचं बीपी नेहमीच्या उपचारांपेक्षा सरासरी ५ अंकांनी जास्त उतरलं.

आपल्याकडेही हे व्हावं. फक्त ताईंच्या हातात आणखी एक रजिस्टर देताना मानधनही वाढवा की राव!