तुम्ही विचारलंत म्हणून: हा सर्व्हर अजून चालू का आहे

"सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर असताना तुम्ही घरात स्वतःचा चॅट सर्व्हर कशाला चालवता?" हा प्रश्न मला सोसायटीच्या सभेत, नात्यातल्या लग्नांत आणि ऐरोलीच्या खाडीकाठी पक्षी पाहतानाही विचारला गेला आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्यातले ज्येष्ठ पक्षीनिरीक्षक नाना गेले, त्यांच्या नोंदी या सर्व्हरवर अडकून राहिल्या आणि प्रश्नाचा सूर बदलला. "एवढे होऊनही तो चालू का?" असे आता विचारतात, आणि त्याचे नीट उत्तर मी आजवर दिलेले नाही.

आमचा पक्षीनिरीक्षकांचा गट ठाणे, ऐरोली आणि पुणे असा विखुरलेला आहे. खाडीवरच्या आमच्या नोंदी कोणा एका कंपनीच्या मर्जीवर राहाव्यात, हे मला पटत नव्हते. म्हणून २०१९ च्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या घरी एका छोट्या संगणकावर मी सिनॅप्स बसवला. मॅट्रिक्स या २०१४ पासूनच्या खुल्या प्रोटोकॉलवर, म्हणजे संदेशांच्या देवाणघेवाणीच्या सर्वांना खुल्या नियमांवर, चालणारा हा सर्व्हर आहे. पुण्याच्या मंडळींचा सर्व्हर वेगळा आहे, पण ई-मेलप्रमाणे दोन्ही एकमेकांशी बोलतात, आणि सामायिक रूमची, म्हणजे गटाच्या संभाषणाची, प्रत दोन्हीकडे राहते. आमच्याकडे वीज गेली तरी पुण्यातले बोलणे थांबत नाही; वीज आली की मधले राहिलेले संदेश माझा सर्व्हर त्यांच्याकडून मागून घेतो. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने १४ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत या सर्व्हरवर बोलण्यासाठी आम्ही वापरत असलेले एलिमेंट हे अ‍ॅपही होते. तरीही रूम, नोंदी आणि माणसे जागच्या जागी राहिली, कारण त्याच खात्यात दुसऱ्या अ‍ॅपमधूनही जाता येते. डिस्क भरत राहते, अद्ययावत करण्यात रविवार जातात, हे खरे आहे. पण या कारणांवर मी आजही ठाम आहे.

नानांच्या बाबतीत यांतले एकही कारण उपयोगी पडले नाही.

नाना आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ. खाडीवरून परतल्यावर ते रोज एका रूममध्ये नोंद लिहीत, आणि त्या रूममध्ये ते एकटेच होते. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) किती, भरती होती की ओहोटी, थवा कांदळवनाच्या कोणत्या कडेला उतरला. २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झालेल्या आणि २०२२ मध्ये रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेल्या या ठाणे खाडीच्या एका कडेचा तो तीन वर्षांचा रोजचा हिशेब होता. २०२० च्या मे महिन्यापासून एलिमेंटमध्ये नव्या खासगी रूममध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे ज्या उपकरणात किल्ली आहे तिथेच संदेश वाचता येतील असे कुलूप, आपोआप सुरू होऊ लागले होते, त्यामुळे नानांची रूमही कुलूपबंद होती. त्यांचे खाते त्यांच्या फोनवर मीच उघडून दिले होते. किल्ल्यांचा बॅकअप घ्यायचा का, असे अ‍ॅपने विचारले तेव्हा मी तो टप्पा पुढे ढकलला. नानांना घरी जायची घाई होती आणि मला वाटले, पुढच्या भेटीत करू. ती भेट त्या कामासाठी कधीच झाली नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नाना गेले. मुलाने फोन पूर्ण रिकामा करून नातवाला दिला. महिन्याभराने त्याने नोंदी मागितल्या, तेव्हा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. सर्व्हर माझाच असल्यामुळे मी प्रशासकाच्या अधिकारात एका आज्ञेने नवा पासवर्ड घातला. वेगळे काही सांगितले नाही तर सिनॅप्स त्या आज्ञेबरोबर खात्याची सगळी उपकरणे लॉगआउट करतो. हे मी पूर्वी वाचलेले होते. त्या संध्याकाळी ते मला आठवले नाही. घरात नानांचा जुना लॅपटॉप होता आणि त्याच्या ब्राउझरमध्ये खाते उघडे होते, हे मुलाला नंतर आठवले. किल्ल्यांची उरलेली एकमेव प्रत तिथे होती. लॅपटॉप सुरू करून नेटला जोडताच ब्राउझरला लॉगिन रद्द झाल्याचे कळले आणि बाहेर पडताना त्याने किल्ल्या पुसून टाकल्या. आधी तो लॅपटॉप मागून घेतला असता, तर त्याच किल्ल्या पाच मिनिटांत एका फाइलमध्ये उतरवता आल्या असत्या.

मुलाला रूम दिसली, तारखा दिसल्या, आणि प्रत्येक तारखेखाली संदेश उलगडता येत नसल्याची तीच ती ओळ दिसली. तो म्हणाला, "ताई, सगळं तुमच्याच घरातल्या डब्यात आहे ना? मग वाचता का येत नाही?"

सर्व्हर चालवणारीलाही वाचता येऊ नये यासाठीच हे कुलूप असते, असे मी त्याला सांगितले. ते खरेच होते. पण पासवर्डच्या आज्ञेबद्दल मी तेव्हा गप्प राहिले आणि ते सांगायला मला आठ दिवस लागले.

"आपले बोलणे आपल्या घरात" असे मी २०१९ मध्ये प्रत्येकाला सांगत असे. त्या वेळच्या मला आज विचारावेसे वाटते की, संगणक घरात असून किल्ली घरात नसेल, तर आपले म्हणून नेमके काय उरते? ती उलट मला विचारते की, किल्ली तुझ्याकडे आहे हे माहीत असते, तर नानांनी इतके मोकळेपणाने लिहिले असते का? एन्क्रिप्शन नसते तर नोंदी वाचल्या असत्या, आणि त्यासोबत सगळ्यांचे सगळे खासगी बोलणेही माझ्यासमोर उघडे पडले असते. मला दोन्ही नको आहे, आणि यातला मधला मार्ग अजून सापडलेला नाही.

सर्व्हर बंद केला तर प्रत्येक सदस्याचा पत्ता संपेल, कारण सर्व्हरचे नाव त्या पत्त्याचाच भाग असते आणि ते नंतर बदलता येत नाही. म्हणून तो चालू आहे. नवा सदस्य आला की मी त्याच्या घरी जाते आणि रिकव्हरी की, म्हणजे किल्ल्यांचा बॅकअप परत उघडणारा संकेत, त्याच्याच हाताने वहीत लिहून होईपर्यंत तिथून उठत नाही.

नानांच्या नोंदी डेटाबेसमध्ये अजून आहेत. मजकूर दिसत नाही, पण पाठवणारा आणि वेळ दिसते. त्यावरून मी मुलाला सगळ्या दिवसांची आणि वेळांची यादी काढून दिली. नानांच्या कॅमेऱ्यातली छायाचित्रे त्याच्याकडे आहेत. त्यांतली कोणती कोणत्या नोंदीची असतील, हे तो आता एकेक करून ताडून पाहतो आहे.