पंप दीडशेवरच ठेवायचा होता

हडपसरला डायलिसिस टेक्निशियन म्हणून मला नऊ वर्षं झाली. दौंडच्या काकांची ती रात्र मात्र अजून डोक्यातून जात नाही.

युरिया, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, २८०; खूपच जास्त. मानेत कॅथेटर (नळी) टाकून नऊ वाजता खाली आणलं. पहिलंच डायलिसिस, म्हणून डॉक्टर सरांची ऑर्डर होती: छोटा डायलायझर (रक्त साफ होतं ती नळकांडी), रक्ताचा पंप मिनिटाला १५० मिली, दोन तास. शेजारच्या बेडवर नेहमीचे पेशंट, पंप ३००, चार तास. जावयाने दोन्ही स्क्रीन वाचल्या. "पैसे पूर्ण घेताय आणि आमचं अर्ध्यातच उरकताय?"

लोकांना वाटतं मशीन रक्त चहासारखं गाळतं. डायलायझरमध्ये केसाएवढ्या हजारो पोकळ नळ्या असतात. आतून रक्त, बाहेरून डायलायसेट, म्हणजे क्षार मिसळलेलं पाणी, तेही उलट्या दिशेने, म्हणजे दोन्हींतला फरक शेवटच्या टोकापर्यंत टिकतो. डायलायसेटमध्ये युरिया शून्य, म्हणून रक्तातला आपसूक बाहेर पडतो. सोडियम जवळपास रक्ताएवढंच, १४०, म्हणून ते फारसं हलत नाही. पोटॅशियम २ ठेवतो. उतरावं, पण एकदम तळाला जाऊ नये. पंप नुसता ढकलतो, खेचतो तो फरक. हे सगळं मला छान समजावता येतं. त्या रात्री चार मशीन मी एकटी बघत होते, एकाचा अलार्म थांबेना. कटकट मिटावी म्हणून मी पंप २२० केला.

सव्वा तासाने काका म्हणाले, "पोरी, डोकं फुटतंय." मग उलटी. उलटी झाली की आम्ही आधी बीपी पडलं का बघतो. बीपी १७०! पोटात गोळाच आला. लगेच डायलिसिस थांबवलं, रक्त परत दिलं, सरांना फोन केला, मेंदूची सूज उतरवणारं मॅनिटॉल सुरू झालं. तोवर काका लेकीलाही ओळखेनात.

रक्तातला युरिया झपाट्याने उतरला, मेंदूतला मागेच राहिला, आणि पाणी जिकडे युरिया जास्त तिकडे, मेंदूत, शिरलं.

सकाळी काका उठून चहा मागत होते. सर म्हणाले, एवढा युरिया असताना १५० वरही झालं असतं. असेल. शीटवर मी २२०च लिहिलं. "१५० लिही गं, कोण बघतंय," असं सांगणारीही होतीच.

आता काका मंगळ-गुरू-शनि येतात, पूर्ण चार तास. जावई अजून स्क्रीन वाचतो. परवा विचारत होता, "ताई, आज पंप २८०च का?"