अप्रेझलची तयारी: तुम्ही विचारलंत म्हणून

"अप्रेझलच्या मीटिंगची तयारी कशी करता?" नव्याने मॅनेजर झालेलं कुणी ना कुणी दर वर्षी हे विचारतं, तेही हाताखालच्यांच्या वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचा फॉर्म भरायला दोन दिवस उरलेले असताना. पाठोपाठ येतं, "नमुना असेल तर पाठवा ना." नमुना नाही म्हटलं की मी काहीतरी राखून ठेवतेय असं लोकांना वाटतं. म्हणून एकदाच सगळं लिहिते. फॉर्म, रेटिंग, एचआरच्या तारखा तुम्हाला ठाऊक आहेत, ते सोडून देते.

मॅनेजर होऊन तिसरं वर्ष होतं. हाताखाली अकरा जण. आदल्या रात्री बसून मी अकराही फॉर्म उरकले. सकाळी पहिली मीटिंग माझ्याहून बऱ्याच मोठ्या असलेल्या एका सहकाऱ्यांची. शांत माणूस. त्यांची कधी तक्रार नसायची, म्हणून माझं लक्षही नसायचं. मी प्रिंट समोर ठेवली आणि बोलायला लागले. दुसऱ्या परिच्छेदावर त्यांचं बोट थांबलं. चष्मा सारखा करून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, हे काम तर गेल्या वर्षीच संपलं."

मी मागच्या वर्षीचा मजकूर उचलून चिकटवला होता. कामाचं नावसुद्धा बदललं नव्हतं.

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या हातात चार घड्यांचा एक कागद होता. वर्षभराचं काम त्यांनी स्वतः लिहून आणलं होतं. तो त्यांनी उलगडलाच नाही, परत खिशात ठेवला. "सही कुठे करू?" एवढंच विचारलं. दुपारी मी तो कागद मागायला गेले, तर म्हणाले, "राहू द्या, मॅडम." त्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही.

तेव्हा मी स्वतःला समजावलं की अकरा माणसं, वर्षअखेर, वेळ कुठून आणायचा? माझ्या साहेबांनीही माझा फॉर्म असाच भरला होता. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण त्या रात्री हाताशी तीन तास होते आणि लिहायला काही नव्हतं. मला आठवत होते शेवटचे दीड-दोन महिने आणि मोठ्याने बोलणारे दोघं. १९२० मध्ये थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले होते. एका गुणात वरचढ वाटलेला माणूस बाकीच्या गुणांतही वर चढवला जात होता. माझं त्याहून वाईट होतं. या सहकाऱ्यांबद्दल माझं चांगलं-वाईट कसलंच मत नव्हतं.

आता एक वही आहे. प्रत्येकाला काही पानं. शुक्रवारी पंधरा मिनिटं बसून तारीख, काय घडलं आणि त्यावर मी काय बोलले, एवढंच लिहिते. विशेषण लिहायचं नाही. 'बेजबाबदार' लिहून मोकळं होता येतं; 'तीन रिपोर्ट उशिरा आले, पहिल्या दोन वेळा मी गप्प बसले' असं लिहिलं की माझा वाटाही कागदावर येतो. मीटिंगच्या दोन आठवडे आधी कोरी पानं शोधते, कारण तिथे जाऊन विचारायचं राहिलेलं असतं. त्यांचं स्वतःचं मूल्यमापन आधी मागते, मग माझं लिहिते, आणि ते आदल्या दिवशी त्यांच्या हातात देते. माझ्यासमोर बसून कुणी ते पहिल्यांदा वाचू नये. वर्षभरात कधीच न बोललेली तक्रार फॉर्ममध्ये आली तर खोडते. ती वेळेवर बोलणं माझं काम होतं.

हेच बरोबर, असं छातीठोकपणे सांगवत नाही. एकीने मला तोंडावर विचारलं, "तुम्ही माझं सगळं लिहून ठेवता?" तेव्हापासून ज्याचं पान त्याला दाखवते, तरी तिची अस्वस्थता मला पटते. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे जुने प्रयोग एकत्र तपासले, तर एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम खालावलेलं दिसलं. शिवाय नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे सगळ्यांच्या श्रेणी एकत्र बसवायच्या, बैठकीत वरून सांगतात, अमुक इतक्यांनाच वरची श्रेणी. तिथे वही उघडून भांडते. कधी ऐकतात, बरेचदा नाही.

पुढच्या वर्षी त्या सहकाऱ्यांच्या पानांवर चौदा नोंदी होत्या. त्यांनी फॉर्म शेवटपर्यंत वाचला, एके ठिकाणी तारीख दुरुस्त केली, सही केली. त्या दिवशी त्यांनी खिशातून कागद काढला नाही. आणलाच नव्हता, की आणूनही काढला नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही.