अल्स्टर काउंटीतली दगडी घरं आणि त्यांची तळघरं

"इथलं काही जुनं दाखव की गं," असं आई आल्यापासून म्हणत होती. म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि आम्ही दोघी न्यू जर्सीहून उत्तरेला निघालो, न्यूयॉर्क राज्यातल्या अल्स्टर काउंटीत.

न्यू पाल्ट्झ हे तिथलं छोटं गाव. कडेनं वॉलकिल नदी, पलीकडे शॉनगंक डोंगराची रांग आणि नदीच्या अलीकडे ह्यूगेनॉट स्ट्रीट. या रस्त्यावर सात जुनी दगडी घरं आहेत. ती बांधणाऱ्यांचे पूर्वज फ्रेंच बोलणारे प्रॉटेस्टंट, म्हणजेच ह्यूगेनॉट. धर्मापायी छळ झाला म्हणून त्यांनी देश सोडला, काही काळ जर्मनीतल्या फाल्ट्स प्रांतात आसरा घेतला आणि मग इकडे आले. त्या आसऱ्याची आठवण गावाच्या नावात राहिली.

१६७७ साली त्यांच्यातल्या बारा जणांनी इथल्या मूळ रहिवासी एसोपस लोकांकडून जवळजवळ ४०,००० एकर जमीन घेतली आणि इंग्रज गव्हर्नर अँड्रॉसनं सनद दिली. मोबदला काय? ४० पातेली, ४० कुऱ्हाडी, ४० सदरे, ६० घोंगड्या, १०० सुया, दारूची ४ पिंपं, २ घोडे, आणखी असंच काहीबाही. यादी ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात डोंगर पण आला?" जमीन कायमची विकणं म्हणजे काय, याचा अर्थ दोन्ही बाजूंना एकच कळला असेल, असं मला मुळीच वाटत नाही.

पहिली घरं लाकडाची होती, दगडी घरं नंतरची. त्या बारा जणांतल्या ज्याँ हॅसब्रूकच्या नावानं ओळखलं जाणारं घर तुळयांच्या लाकडातली वर्तुळं मोजून १७२१ सालचं ठरलं. ज्याँ तोवर वारला होता, घर त्याच्या मुलाच्या काळातलं. उतरतं, खूप उंच छप्पर आणि त्याखाली धान्य साठवायचा प्रशस्त माळा. आई मात्र खिळली ती शेगडीपाशी. डच पद्धतीच्या या शेगडीला बाजूच्या भिंतीच नाहीत. मागच्या भिंतीला लागून उघड्यावर जाळ, वरून छताकडून उतरलेलं रुंद धुराडं, आणि त्याच्या काठाला कापडाची झालर. "झालर कशाला?" मी विचारलं. "धूर अडवायला," आईनंच उत्तर दिलं. "आमच्या आजोळी चुलीवर पत्र्याची पट्टी होती, तस्सं." वाकून तिनं जाळाच्या जागेवरचे काळे पडलेले दगड नीट न्याहाळले. स्वयंपाक केलेल्या बाईची नजर वेगळीच असते.

बेव्हियर-एल्टिंग घराच्या तळघराजवळ आम्ही दोघी गप्प झालो. कमी उंची, ओल, अपुरा उजेड. इथे गुलाम माणसं राबायची आणि झोपायची. छळ चुकवून आलेल्यांच्या घरांखाली! या बारा जणांतला लुई द्युब्वा. न्यू पाल्ट्झ वसण्याआधी, १६६३ साली, एसोपसांनी तो राहत होता त्या वस्तीवर हल्ला करून त्याची बायको कॅथरीन आणि मुलं पळवून नेली. त्यांची सुटका व्हायला सुमारे तीन महिने गेले. (त्याआधी डच गव्हर्नर स्टायव्हेसंटनं पकडलेले एसोपस लोक कुरासाओ बेटावर गुलाम म्हणून धाडले होते, हेही विसरून चालणार नाही.) आणि याच लुईनं अकरा वर्षांनी जवळच्याच किंग्स्टन गावच्या लिलावात दोन आफ्रिकी माणसं विकत घेतली. आपली माणसं कुणी नेली की काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना. लहानपणी पाठ केलेलं हे वाक्य मला त्या पायऱ्यांवर पहिल्यांदा नीट समजलं.

गावातल्या विद्यापीठानं २०१९ मध्ये या घराण्यांची नावं आपल्या वसतिगृहांवरून काढली. मला ते योग्यच वाटतं. घरं मात्र जपायलाच हवीत, तळघरासकट.

किंग्स्टनला फार थांबलो नाही. १७७७ साली राज्याची पहिली सिनेट जिथे भरली ते दगडी घर पाहिलं. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला इंग्रजांनी हे गाव जाळलं होतं. मला बघायचं होतं ते १८१८ सालचं कोर्ट. इझाबेला नावाच्या काळ्या बाईचा लहान मुलगा पीटर बेकायदा अलाबामाला विकला गेला होता. तिनं दावा लावला आणि १८२८ साली मुलगा परत मिळवला. हीच पुढे गुलामगिरीविरुद्ध भाषणं देणारी सोजर्नर ट्रुथ म्हणून गाजली.

तिचा जन्म याच काउंटीतला, १७९७च्या सुमाराचा. मायबोली डच. नऊ वर्षांची असताना मेंढरांच्या कळपासोबत तिला १०० डॉलरना विकलं. नव्या मालकाच्या घरी इंग्रजी. सांगितलेलं कळत नाही म्हणून पोरीला फटके बसायचे. पुढे तिला पोर्ट यूअनच्या एका खानावळवाल्यानं विकत घेतलं. त्या गावात २०१३ साली तिचा पुतळा उभारला आहे. अनवाणी, दोन्ही हातांत सुरया घेतलेली पोर.

आई पुतळ्याला वळसा घालून मागे गेली आणि तिथेच थांबली. शिल्पकार बाईनं पाठीवर वळ कोरले आहेत.

"भाषा येत नाही म्हणून?" आईनं पुन्हा विचारलं.

मी मान हलवली. दशम्या तशाच डब्यात राहिल्या होत्या. गाडीकडे यायला आम्हाला बराच वेळ लागला.